रापणीचा वाटा आणि पन्नास मीटरची टेप

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. प्रवाळांच्या अभ्यासाला अगत्तीला सहा महिन्यांसाठी सिलेक्शन झालं म्हणतेस, म्हणजे लक्षद्वीप, म्हणजे जिथे माझी ऐन उमेदीची वर्षं खाऱ्या पाण्यात भिजली तेच, तर आनंद झाला हे वेगळं सांगायला नको. पण खाली तू जे विचारलंयस ना, कुठले पेपर वाचू, पाण्याखालचा कॅमेरा कुठला घेऊ, सॉफ्टवेअर कुठलं शिकू, ते वाचून हसू आलं, कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पण माझ्या सरांना अगदी हेच विचारलेलं आणि सर म्हणाले होते पेन्सिली ने भरपूर. तेव्हा असला राग आला होता! कॅमेऱ्याचं शेवटी सांगते. आधी बाकीचं ऐक, लांबलचक होणारे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तू जिथे जातीयेस ते किती छोटं आहे हे नकाशावरून कळतच नाही. अख्ख्या लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती, २०११ च्या जनगणनेत माणसं साधारण ६४ हजार. आणि लगून, म्हणजे बेटांभोवतीचं उथळ, शांत पाणी, ते किती, तर ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे त्या लोकांचं शेत, गुरं, बँक, सगळं पाण्यात आहे, जमीन आपली अंथरूण घालायला. अगत्ती त्यातल्या त्यात लांबुळकी, सात-साडेसात किलोमीटर, पण रुंदी अशी की काही ठिकाणी एका किनाऱ्यावर उभं राहिलीस तर माडांमधून दुसरा दिसतो. तू विमानातून उतरलीस की संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला माहीत असतं की कोण आलीये, कोणाकडे उतरलीये, दुपारी भात किती खाल्ला. तू तिथे मोजायला जातीयेस खरी, पण पहिले दोन महिने मोजली जाणारेस ती तूच. त्यामुळे त्या दोन महिन्यांत काहीही सिद्ध करायला जाऊ नकोस.

शक्यतो जाताना बोटीने जा. कोचीहून चौदा ते वीस तास लागतात, उलट्या होतील, होऊ देत. विमान दीड तासात नेऊन टाकतं आणि मग बेट म्हणजे शहराचं उपनगर आहे असं वाटायला लागतं. बोटीत बेटावरची माणसं भेटतात, दवाखान्याची कामं करून परत निघालेली, कॉलेजची पोरं, गॅसच्या शेगड्या आणि गाद्या घेऊन निघालेल्या बायका, त्यांच्यासोबत डेकवर एक रात्र काढलीस की उतरताना चार ओळखी हातात असतात.

आता माझी फजिती सांगते. ही मी सेमिनारमध्ये कधीच सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी प्रश्नावली घेऊन गेलेले. ४२ प्रश्न, कोचीला झेरॉक्स काढून बॅग भरून नेलेले, आणि त्यातला अकरावा प्रश्न होता की महिन्याला सरासरी किती किलो मासे मिळतात. तीन महिने घरोघरी फिरले, सगळ्यांनी उत्तरं दिली, कोणी तीनशे, कोणी हजार, कोणी अगदी विचार करून सहाशे पन्नास. मी सुंदर ग्राफ काढला, रंगीत, आणि मोठ्या अभिमानाने जेटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बोटमालकाला दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या पुतण्यामार्फत मला विचारलं की हे किलो म्हणजे काय लिहिलंय? अगं, त्यांच्या टूना बोटींवर मासे नगावर मोजतात. आज इतके चूरे, म्हणजे तिथला टूना, मिळाले, तितके मिळाले, त्यावरून वाटे पडतात, किलोचा हिशेब व्यापाऱ्याच्या काट्यावर सुरू होतो. मग इतक्या जणांनी मला किलो कसे सांगितले? तर पोरगी उन्हात फिरतीये, तोंड लाल झालंय, काहीतरी आकडा दिला की बिचारी सावलीत जाईल म्हणून. तीन महिन्यांचा डेटा माणुसकीपोटी खोटा. तो ग्राफ अजून माझ्याकडे आहे.

आणि लाज मला याची वाटली की मी मालवणची. मला हे कळायला हवं होतं. आमच्या वाडीत रापण लागायची तेव्हा मी लहानपणापासून बघत आलेले, होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग दोन्ही दोऱ्यांना माणसं लागायची, ओढायची, तास-दीड तास. मासळी वाळूवर आली की वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, आणि आमच्याकडे तर ज्या म्हातारीचा घरधनी समुद्रात गेला तिलाही टोपलीत चार बांगडे पडायचे, ती नुसती उभी असली तरी. कोणी किलो मोजत नव्हतं! पण एमएस्सी झाली, डोक्यात मेथडॉलॉजी शिरली आणि चुलत्याच्या घरातलं विसरले.

मी त्यानंतर कम्युनिटी-बेस्ड रिसर्च, म्हणजे लोकांना सोबत घेऊन संशोधन, हा शब्द ऐकला की मनात त्याचं भाषांतर रापण असंच करते. तुझ्या प्रोजेक्ट प्रपोजलमध्ये पण तो शब्द चार ठिकाणी आलाय, मी वाचलंय. पण बघ, प्रपोजलमध्ये लोक कुठे आहेत? सर्व्हेला उत्तरं द्यायला, बोट चालवायला, आणि शेवटी जनजागृती करून घ्यायला. म्हणजे दोरी ओढायला सगळे आणि वाट्याला तू एकटी. प्रश्न कोणाचा होता? तुझ्या गाइडचा. रागावू नकोस, माझाही तसाच होता.

प्रश्न त्यांचा असला की काय होतं ते सांगते, हे जरा सविस्तर सांगते कारण अगत्तीतलंच आहे आणि तू जिथे पोहशील तिथलंच आहे.

अगत्तीच्या लगूनमध्ये एके काळी समुद्री गवताची कुरणं होती, दाट, आणि हिरवी कासवं इतकी की होडीतून जाताना मोजता मोजता आकडा चुकायचा. बाहेरून येणारे आम्ही सगळे खूश, कासव म्हणजे पोस्टरवरचा प्राणी ना. मी तर शाळेत कासव वाचवा म्हणून चित्रकलेची स्पर्धा पण घेतली. आणि मच्छीमार वैतागलेले. ते म्हणत होते की ही कासवं गवत संपवतायत, गवत गेलं की तिथे वाढणारे मासे जातात, शिवाय जाळी फाडतात ते वेगळंच, आणि पूर्वी कासवाचं तेल आम्ही होडीच्या लाकडाला लावायचो, आता कायदा आल्यापासून हात लावता येत नाही, म्हणून ती वाढलीत. आम्हाला वाटायचं ही नेहमीची तक्रार, शेतकरी जसा रानडुकराबद्दल करतो तशी. पण काही संशोधकांनी, त्यात आपली मराठी पोरंही होती बरं का, ही तक्रार हाच प्रश्न मानला. गवताच्या तुकड्यांना जाळीचे पिंजरे लावले, कासव आत जाणार नाही असे, आणि आत-बाहेर मोजत बसले. पिंजऱ्यातलं गवत वाढलं, बाहेरचं कातरल्यासारखं खुंटलेलं. मासे मोजले, तर कासवांनी चरून काढलेल्या भागात खरंच कमी. पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तर दिसलं की एका लगूनमधलं गवत संपलं की कासवं दुसऱ्या बेटाच्या लगूनमध्ये सरकतात, तिथलं संपवतात, पुढे जातात. २०२१ मध्ये हे छापून आलं. मच्छीमार जे किनाऱ्यावर बसून सांगत होते तेच.

याचा अर्थ मच्छीमार नेहमी बरोबर असतात असा काढू नकोस. नसतात. कासवं मारायची परवानगी द्या ही त्यांची मागणी होती आणि ती मला आजही पटत नाही, कारण कासवं एवढी एकवटण्यामागे शार्कसारखे त्यांना खाणारे मोठे मासे कमी झाल्याचाही हात असू शकतो, आणि ते कमी कोणी केले, माणसानेच. पण वाद घालायला आधी त्यांचं म्हणणं मोजण्याच्या लायकीचं मानावं लागतं, तेवढं केलंस तरी तू माझ्यापेक्षा तीन महिने पुढे असशील.

आता टूनाचं. तुझा विषय प्रवाळ आहे, मासेमारी नाही, असं तू मला फोनवर म्हणालीस. तिथे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

लक्षद्वीपची मुख्य मासेमारी म्हणजे काठी आणि गळ. मिनिकॉयची ही जुनी कला, १९६० च्या दशकात यांत्रिक बोटी आल्या तशी मत्स्य खात्याने ती बाकीच्या बेटांवर शिकवून पसरवली. मला बोटीवर न्यायला आठ महिने लागले, बाई बोटीवर म्हणजे काय, मलाच संकोच आणि त्यांनाही, शेवटी ज्यांच्याकडे मी राहायचे त्या घरच्या उम्माने, म्हणजे आईने, आपल्या भावाला दटावलं तेव्हा नेलं. (तिथे घर बाईच्या वंशाने चालतं, उम्मा बोलली म्हणजे बोलली.) पहाटे आधी लगूनमध्ये जिवंत आमिष पकडतात, बोटाएवढे चंदेरी मासे, प्रवाळाच्या ढिगांभोवती घोळक्याने असतात ते, आणि ते बोटीच्या पोटातल्या टाकीत सोडतात, जिच्या तळाला भोकं असतात म्हणजे समुद्राचं पाणी सतत खेळतं राहतं. मग बाहेर, खोल पाण्यात, पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते बघत. थवा सापडला की एक जण मूठ मूठ आमिष फेकतो, दुसरे पाणी उडवतात म्हणजे चूऱ्याला वाटतं वर लहान मासळी फडफडतीये, आणि मागच्या फळीवर उभे राहिलेले पाच-सहा जण बिनकाट्याचा गळ टाकतात. टाकतात आणि मागे झटकतात, मासा डोक्यावरून उडत येऊन डेकवर, गळ आपोआप सुटलेला. पंधरा-वीस मिनिटं नुसता धडाधड आवाज, शेपट्यांचा लाकडावर, मला आपल्याकडच्या शिमग्यातला ढोल आठवला. आणि मग एकदम थांबतं. थवा गेला. माझ्या पायाशी आपल्या कुप्याच्या जातकुळीतले दोनेकशे मासे आणि त्यात दुसरं काही नाही, ना शार्क, ना कासव, ना कचरा मासळी.

आता विचार कर. हे लोक खोल पाण्यातला टूना धरतात, मग त्याचं उकडून, धूर देऊन, वाळवून मासमीन करतात, आणि त्यावर घर चालतं, म्हणून रीफवरच्या, म्हणजे प्रवाळांच्या खडकावरच्या, माशांवर इतकी वर्षं फारसा भार पडला नाही. पोपटमासे, गोबरे, सगळे शिल्लक राहिले. कोणी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं म्हणून नाही, तर टूना परवडत होता म्हणून. १९९८ च्या ब्लीचिंगमध्ये (पाणी तापून प्रवाळ पांढरे पडतात ते, पुढे सांगते) तिथले प्रवाळ धडाधड मेले, तरी पुढच्या दहा वर्षांत सावरले, त्यात पोपटमाशांसारख्या शेवाळ खाणाऱ्या माशांचा हात होता, कारण मेलेल्या खडकावर शेवाळ माजलं की नवीन प्रवाळाला बूड टेकायला जागा राहत नाही. पोपटमासा खडक खरवडतो तेव्हा पाण्याखाली ऐकू येतं, कोणीतरी शेजारी बसून चुरमुरे खातंय असं. तो आवाज तू पहिल्याच डाइव्हला ऐक, मुद्दाम श्वास मंद करून. आणि गेल्या काही वर्षांत गोबऱ्यांना बाहेरून मागणी आली, बर्फ आला, व्यापारी आले, तेव्हापासून रीफवर गळ पडायला लागलेत. म्हणजे प्रवाळ वाचवायचे तर टूनाचा भाव, डिझेलचा भाव आणि आमिष किती वेळात मिळतं हे तुला माहीत पाहिजे.

आमिषाचं तर खास लक्षात ठेव. माझ्या लॉगबुकात आधी किती मासे, कुठे, किती लिटर डिझेल एवढेच रकाने होते. ज्याने माझ्या ग्राफला किलो म्हणजे काय विचारलेलं तोच म्हणाला, आमिष पकडायला किती वेळ लागला ते का नाही लिहीत? पूर्वी अर्ध्या तासात व्हायचं, आता दोन-दोन तास. मी तो रकाना घातला आणि अख्ख्या वहीत सगळ्यात कामाचा तोच निघाला. आमिष लगूनमधलं, प्रवाळाच्या आडोशाचं, ते आटलं की रीफचं काहीतरी बिनसलंय हे टेप लावून प्रवाळ मोजायच्या आधी कळतं. दक्षिण फाउंडेशनने मच्छीमारांकडूनच वह्या भरून घ्यायचं काम तिथे बरीच वर्षं चालवलंय, ते जाऊन बघ, नव्याने चाक शोधत बसू नकोस.

आता अवघड भाग. ब्लीचिंग.

पाणी कोमट लागतं. मे महिन्यात, २०१० ला, मी उडी मारली आणि वाटलं कोणीतरी बंबातलं पाणी ओतलंय. प्रवाळाच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ, जे त्याला रंग आणि अन्न दोन्ही देतं, ते उष्णतेने बाहेर पडतं. आधी काही काही प्रवाळ झगझगीत निळे-जांभळे होतात, इतके सुंदर दिसतात की फोटो काढावासा वाटतो, मी काढला पण, आणि मग पांढरे. पांढरा म्हणजे मेलेला नाही हं, उपाशी. पाणी लवकर गार झालं तर परत सावरतो, नाहीतर काही आठवड्यांत त्यावर हिरवट-तपकिरी गिळगिळीत थर चढतो, आणि पावसाळ्याच्या लाटांनी फांद्यांचे प्रवाळ मोडून खडी होते. १९९८, २०१०, २०१६, २०२४. अंतरं बघ, बारा वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी १९९८ पासून चोवीस वर्षं मोजलंय, जिवंत प्रवाळ ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. आणि त्यांना दिसलं की ब्लीचिंगशिवाय साधारण सहा वर्षं सलग मिळाली तरच सावरणं वेग धरतं. एवढी सवड आता मिळेलच असं नाही.

तर तुला कोणीतरी विचारणार, मला २०१६ नंतर विचारलं, की तुमच्या सांगण्यावरून आम्ही त्या भागात पोपटमासे धरायचे सोडले, मग खडक का मेला? त्या दिवशी मी घोळ घातला. एल निनो, कार्बन, जागतिक तापमान, असं काय काय बोलले आणि तो माणूस मान हलवत होता आणि मला दिसत होतं की मी पळ काढतीये. आज मी सरळ सांगेन की तुम्ही सोडलेत ते मरण थांबवायला नव्हतंच, मेल्यानंतर उठायला थोडी मदत व्हावी म्हणून होतं, आणि मी ते आधी सांगायला हवं होतं. पाणी तापवणारे तुम्ही नाही, ते आमच्यासारखे शहरातले. पण हे आधी सांगायचं, पहिल्याच मीटिंगला, तेव्हा ऐकायला कोणाला आवडणार नाही, फंडिंगवाल्यांना तर नाहीच. तरी सांग. रीफ वाचेल असं वचन देणारे येतात आणि जातात, बेट तिथेच राहतं. सगळंच राहतं असंही नाही म्हणा, बंगारामजवळचं पराली-१ हे निर्मनुष्य बेट १९६८ च्या नकाशात होतं, २०१७ मध्ये एका संशोधकाने दाखवलं की ते लाटांनी पार धुऊन नेलंय. तिथल्या लोकांना हे माहीत असतं, तू घाबरवायची गरज नाही.

एक फिलिपिन्सची गोष्ट सांगते, तू पेपरांमध्ये वाचशीलच, पण पेपरात भांडण गाळलेलं असतं. सुमिलोन नावाचं छोटं बेट, १९७४ मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या अँजेल अल्काला यांनी तिथे मासेमारीबंदीचं राखीव क्षेत्र केलं. विज्ञान चोख, मासे वाढले, आजूबाजूचं उत्पन्न वाढलं. पण ते विद्यापीठाचं होतं. स्थानिक राजकारण फिरलं, १९८४ मध्ये राखीव भाग मासेमारीला मोकळा झाला आणि दोन वर्षांत बेटाभोवतालचं मासळीचं उत्पन्न निम्म्याच्याही खाली आलं. त्याच अल्कालांनी जवळच्या आपो बेटावर मात्र वेगळं केलं, काही वर्षं नुसत्या गप्पा, लोकांना सुमिलोनला नेऊन आतले मासे दाखवले, आणि १९८२ मध्ये चौदा कुटुंबं तयार झाली. अख्खं गाव नाही, चौदा घरं. किनाऱ्याचा ४५० मीटरचा तुकडा. पहारा त्यांचाच. हळूहळू बाकीचे आले, नियम गावाने केले, मग पुढे सरकारने कागद केला. आणि गंमत बघ, म्हणजे गंमत कसली, डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ च्या वादळांनी नेमका तो राखलेला तुकडाच उद्ध्वस्त केला. तीस वर्षं राखलेला. पण राखायची सवय किनाऱ्याच्या एका तुकड्याला चिकटलेली नव्हती, ती माणसांना होती, त्यामुळे खेळ तिथे संपला नाही.

आणि आपलं मालवण? १९८७ ला सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी त्यात. माझ्या चुलत्याला ते कळलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, कोणाक इचारलंस? तो प्रश्न अजून आमच्या किनाऱ्यावर आहे तसाच आहे, आणि दरम्यान किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्कलिंगला उतरलेले लोक प्रवाळावर उभे राहून फोटो काढतात. मी यावर फार बोलत नाही, घरचं दुखणं आहे.

लक्षद्वीपमध्येही बाहेरच्यांबद्दलचा संशय ताजा आहे हे लक्षात घे. २०२१ मध्ये जमिनीच्या आणि विकासाच्या नवीन नियमांच्या मसुद्यांवरून बेटं पेटलेली, आणि जानेवारी २०२४ नंतर पर्यटकांचा ओघ कसा अचानक वाढला ते तू बातम्यांत बघितलंसच. तू क्लिपबोर्ड घेऊन किनारा मोजताना दिसलीस की कोणालाही वाटू शकतं की रिसॉर्टचा सर्व्हे आहे. म्हणून क्लिपबोर्डवर काय लिहितीयेस ते दाखवत जा, अगदी लहान पोरांना सुद्धा. पोरं हीच तिथली बातमीपत्रं.

आता बारीकसारीक. शुक्रवारी नमाज होईपर्यंत कोणाला कामाला बोलावू नकोस. सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे ने, पोहतानाही रॅशगार्डवर सैल शर्ट, याला तू काय म्हणशील ते मला माहितीये, पण तिथे सहा महिने राहायचंय, भांडणं निवडून कर. परमिटच्या झेरॉक्स दहा. रीफवरून काहीही उचलायचं नाही, मेलेला प्रवाळाचा तुकडा नाही, मोठ्या क्लॅमची शिंप नाही, समुद्रकाकडी तर हातात सुद्धा नाही, सगळ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि रिसर्चर आहे म्हणून सुटशील असं वाटून घेऊ नकोस. ओहोटीला बायका रीफवर काठी घेऊन ऑक्टोपस शोधायला जातात, त्यांच्यासोबत जा, पुरुषांना लॉगबुक भरायला लावताना या बायकांना कोणी विचारत नाही आणि उथळ रीफचं जितकं त्यांना कळतं तितकं मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. दर वेळी कुठल्या दगडाखाली काय होतं हे त्या तोंडपाठ सांगतात. मल्याळम शीक, पण पुस्तकातलं बोललीस की हसतील, त्यांची बोली, जेसरी, वेगळी आहे, हसू देत.

टेप पन्नास मीटरची, फायबरची, स्टीलची नको गंजते. दर महिन्याला त्याच जागी, त्याच खोलीवर. सोबत दोन स्थानिक पोरांना शिकव, आणि पहिल्या महिन्यात तिघांनी एकच रेषा स्वतंत्र मोजा आणि आकडे जुळतात का बघा, जुळणार नाहीत, आणि चूक तुझी असण्याची शक्यता किती आहे ते बघून तुला धक्का बसेल. माझ्यासोबतचा एक पोरगा, दहावी नापास, मासे मोजण्यात माझ्यापेक्षा सरस निघाला, कारण मी मासा बघून नाव आठवायचे आणि तो मासा दिसायच्या आधी त्याची जागा बघायचा.

आणि वाटा. हे प्रपोजलमध्ये आत्ताच घाल, नंतर कोणी पैसे देत नाही. दर दोन महिन्यांनी निकाल मल्याळममध्ये एका पानावर, मशिदीजवळच्या चहाच्या दुकानात लावायला. ज्याची वही त्याला त्याच्या वहीची प्रत. बोटवाल्याला दिवसाचे पैसे, फुकटात स्वयंसेवक म्हणून राबवू नकोस, तुला स्टायपेंड आहे आणि त्याचा दिवस बुडतो. ज्याने रकाना सुचवला त्याचं नाव पेपरात, आभारात नाही, लेखकांच्या ओळीत, आणि त्याला हवं असेल तरच. मी एकदा हे न विचारता केलं आणि त्या माणसाला गावात उगाच उत्तरं द्यावी लागली. एखादा आकडा छापू नका म्हणाले, समजा आमिषाची नेमकी जागा, तर छापायचा नाही. गाइड चिडेल. चिडू दे, माझं नाव सांग.

चौथ्या महिन्याच्या आसपास तुला सगळं सोडून यावंसं वाटेल. पाऊस लागलेला असेल, टूनाच्या बोटी ओढून किनाऱ्यावर, जहाज रद्द, भाजी संपलेली, रोज मासमीन, नेट गेलेलं. तेव्हा डेटा भरत बसू नकोस, उम्माच्या स्वयंपाकघरात जाऊन बस. बोटी दुरुस्त करत सगळे घरी असतात, खऱ्या गप्पा त्याच दिवसांत होतात. कोकम घेऊन जा, दोन किलो, आणि त्यांना आमटी करून घाल, माशाला चालतं म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकतात.

पोचलीस की मिस्ड कॉल दे.

तुझी
ताई

ता. क. कॅमेरा साधा घे, जुना चालेल, पाण्याखालची केस मात्र चांगली, आणि ओ-रिंगला दर वेळी ग्रीस. पेन्सिली तीन डझन ने, २बी, रबरवाल्या नको. तुला सहा पुरतील. बाकीच्या वह्या भरणाऱ्यांना, आणि एक डझन त्या बोटमालकाच्या पुतण्याच्या शाळेत दे, मी पाठवल्या म्हणून सांग, मी गेल्या वेळी कबूल केलेल्या आणि राहूनच गेल्या.